माबुनीच्या दगडांवरची नावं : ओकिनावात चार दिवस

माझे वडील, आप्पा, यंदा दोन महिने आमच्याकडे टोकियोला राहिले. जायच्या आधी काय बघायचं राहिलं असं विचारलं तर म्हणाले, "इमारती पुष्कळ झाल्या. जरा शेत दाखव." जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर ऊस होतो म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. मला मात्र तिथे २३ जूनला जायचं होतं, आणि का जायचंय हेही त्यांना सांगायला हवं होतं. १९४५ साली या बेटावर अमेरिकी आणि जपानी सैन्यात जवळजवळ तीन महिने लढाई चालली. ज्यांची माणसं त्यात दगावली ती घरं २३ जूनला बेटाच्या दक्षिण टोकाशी, माबुनीला जमतात. यंदा, म्हणजे २०२५ साली, त्याला ८० वर्षं झाली.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाले, "आपले थोरले काका त्याच्या आदल्या साली गेले."

थोरले काका म्हणजे माझे चुलतआजोबा. मराठा पलटणीबरोबर इटलीत गेले, ते परत आले नाहीत. लग्न झालेलं नव्हतं. आप्पांनीही त्यांना पाहिलेलं नाही, घरात फोटो नाही. सर्वपित्रीला आजी तिच्या या दिराचं पान न विसरता वाढायची, तेवढीच त्यांची ओळख.

शनिवार, २१ जून

टोकियोच्या हानेदा विमानतळाहून ओकिनावाचं मुख्य शहर नाहा पावणेतीन तास. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की चेहऱ्यावर ओला टॉवेल पडल्यासारखी हवा. यंदा इथला पावसाळा जूनच्या सुरुवातीलाच संपला होता, त्यामुळे छत्र्या उन्हासाठी वापरल्या.

संध्याकाळी मोनोरेलने ओमोरोमाची स्टेशनला उतरलो. समोर मोठी दुकानं, हॉटेलं, आणि पलीकडे पाण्याची टाकी असलेलं एक टेकाड. अमेरिकी सैनिकांनी त्याला शुगर लोफ नाव दिलं होतं. पाच मिनिटांत माथ्यावर पोचतो माणूस. १९४५च्या मे महिन्यात हे टेकाड घेण्यासाठी आठवडाभर झुंज चालली, आणि त्यात अमेरिकेचे २,६६२ जण मेले किंवा जखमी झाले. आणखी १,२८९ जण मनाने खचून लढाईतून बाजूला काढावे लागले. जपानी बाजूचा असा नेमका आकडा नाही. आप्पा टाकीला वळसा घालून आले आणि म्हणाले, "आपल्या खंडोबाच्या माळाएवढंसुद्धा नाही गं हे."

थोडं लढाईबद्दल, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. १ एप्रिलला अमेरिकी फौजा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या. जपानी सैन्याचा डाव जिंकायचा नव्हता. मुख्य भूमीवरचा हल्ला जितका लांबेल तितका लांबवायचा होता. म्हणून मे अखेरीस शुरीच्या किल्ल्याखालचं मुख्यालय सोडल्यावरही शरणागती न पत्करता सैन्य दक्षिणेच्या टोकाकडे सरकलं. तिथल्या गुहांत आधीच हजारो गावकरी लपलेले होते. सैनिक आणि लेकुरवाळ्या बाया एकाच अंधारात. समुद्रातून जहाजांच्या तोफा, वरून विमानं. इथले लोक त्याला 'पोलादी वादळ' म्हणतात. ओकिनावात चार माणसांमागे एक गेलं असं सांगतात.

रात्रीच्या जेवणाची अडचण झाली, तेव्हा माळकऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवते. ओकिनावा सोबा नुसत्या भाज्यांचा दिसला तरी रस डुकराच्या हाडांचा आणि वाळवलेल्या माशाचा असतो. गोया चाम्पुरू म्हणजे कारलं आणि टोफू परतून, पण त्यात मांस आणि अंडं असतंच. वर माशाचा कीसही भुरभुरतात. आधी सांगितलं तर लहान खानावळीत वेगळं करून देतात. आम्हाला एका आजीबाईंनी नुसतं कारलं-टोफू मिठावर परतून दिलं, ते आप्पा दोनदा मागून जेवले. जिमामी टोफू शेंगदाण्याच्या दुधाचं असतं. त्यावरचा गोडसर रस्सा वेगळा मागा, त्यात मासा असू शकतो. आम्ही बरोबर दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती, ती चारही दिवस पुरली.

रविवार, २२ जून

सकाळी भाड्याची गाडी घेतली आणि उरासोएला माएदाच्या कड्यावर गेलो. एका बाजूने गवताळ चढ, दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला कातळ. डेस्मंड डॉस या हत्यार न उचलणाऱ्या अमेरिकी शुश्रूषा-सैनिकाने सुमारे ७५ जखमींना दोराने खाली सोडलं तो हाच कडा. सिनेमामुळे ती गोष्ट जगाला ठाऊक झाली. उरासोए गावाची गोष्ट मात्र कमी जणांना ठाऊक आहे. तिथल्या ९,२१७ रहिवाशांपैकी ४,११२ जण या लढाईत गेले. काही घरांत दिवा लावायलाही कुणी उरलं नाही.

कड्यावर साठीचे एक अमेरिकी गृहस्थ मुलीबरोबर उभे होते. त्यांचे वडील ७७व्या डिव्हिजनमध्ये इथे लढले, परत गेले, आणि मरेपर्यंत घरात एक शब्द बोलले नाहीत. फक्त मे महिना आला की रात्री व्हरांड्यात जाऊन बसायचे. वडील वारल्यावर खणात हाताने काढलेला एक नकाशा सापडला, त्यावर या कड्याच्या जागी फुली. गृहस्थ तो नकाशा प्लास्टिकच्या पाकिटात घालून घेऊन आले होते आणि आडवा-उभा धरून दिशा जुळवत होते. फुलीची जागा सापडली की नाही ते शेवटी त्यांनाच नक्की सांगता येईना. आप्पांनी बाटलीतलं थंड पाणी त्यांच्यापुढे धरलं. पाणी पिऊन त्यांनी आप्पांना विचारलं, "तुमचे वडील कुठे लढले?" मी भाषांतर केलं. आप्पा म्हणाले, "वडील शेतीच करायचे. चुलते लढले." मग दोघं बराच वेळ काही न बोलता कड्याखाली बघत उभे राहिले.

दुपारी हाएबारू. इथे लष्कराचं इस्पितळ डोंगर पोखरून केलेल्या भुयारांत होतं. त्यांपैकी २० नंबरचं भुयार आत जाऊन बघता येतं. (आधी नोंदणी लागते, हेल्मेट आणि बॅटरी तेच देतात, बरोबर स्थानिक वाटाड्या असतो. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं, जमीन सपाट आहे, पण घसरड्या चपला नकोत.) आत वाटाड्या बाईंनी सगळ्यांना बॅटऱ्या विझवायला सांगितल्या. डोळे उघडे की मिटलेले तेच कळेना. या अंधारात १५ ते १९ वर्षांच्या शाळकरी मुलींनी जखमींची घाण काढली, कापलेले हातपाय बाहेर नेऊन पुरले, आणि खालच्या स्वयंपाकघरातून भाताचं पिंप दोघी-दोघींनी खांद्यावर घेऊन तोफांच्या माऱ्यात टेकडी चढल्या. मे अखेरीस सैन्य दक्षिणेला निघालं तेव्हा चालू न शकणाऱ्या जखमींना सायनाइड घातलेलं दूध देण्यात आलं. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला नाही. वर्षानुवर्षं सांगताहेत त्या. मला तो संथ आवाजच जास्त लागला.

त्या मुलींचं पुढे काय झालं ते त्यांच्या तुकडीच्याच नावाच्या हिमेयुरी संग्रहालयात आहे. दोन शाळांच्या मिळून २२२ मुली आणि १८ शिक्षक कामाला नेले होते, त्यांतले १३६ मेले. १८ जूनच्या रात्री त्यांना सांगण्यात आलं की तुकडी बरखास्त, आता आपापलं बघा. तोवर १९ जणी-जण गेले होते. शंभराहून अधिक मृत्यू त्यानंतरच्या थोड्या दिवसांतले आहेत, गुहेबाहेर काढल्यानंतरचे. एका दालनात प्रत्येकीचा फोटो आणि खाली दोन-तीन ओळी: कोण धावण्यात पहिली यायची, कुणाला गाण्याचं वेड, कुणाचा घरात लाडका धाकटा भाऊ. ज्यांचा फोटोच उरला नाही त्यांची चौकट रिकामी. आप्पांनी रिकाम्या चौकटींपुढे टोपी काढली.

बाहेरचं स्मारक एका गुहेच्या तोंडाशी आहे. ते एप्रिल १९४६ मध्ये किंजो वाशिन आणि त्यांच्या पत्नी फुमी यांनी गावकऱ्यांच्या मदतीने उभारलं. त्यांच्या दोन मुली या तुकडीत होत्या, दोन्ही गेल्या.

सूचना: हाएबारू आणि हिमेयुरी एकाच दिवशी करू नये असं आता मला वाटतं. बघून होतं, पण अंगावर येतं. मध्ये समुद्र बघावा, काहीतरी गोड खावं. आम्ही गाडी उसाच्या रानाच्या कडेला लावली. ऊस आप्पांच्या छातीपर्यंत आला होता. पानांची सळसळ ऐकत ते सरीत शिरले, एक पान मोडून बघितलं, माती चिमटीत घेऊन चुरली आणि म्हणाले, "चुनखडीची आहे. पाणी धरत नसणार." या रानांतून पेरणीच्या वेळी अजूनही हाडं निघतात, असं वाटाड्या बाईंनी सांगितलं होतं. मी ते त्यांना आधीच सांगितलेलं. चिमटीतली माती त्यांनी झटकली नाही, वाकून होती तिथे ठेवली.

सोमवार, २३ जून

साडेपाचच्या आत माबुनीला पोचलो. ज्यांना समारंभ नव्हे, माणसं बघायची आहेत त्यांनी पहाटेच यावं. नंतर पंतप्रधानांचा बंदोबस्त, पिशव्यांची तपासणी, गाड्या लांब लावाव्या लागणं हे सगळं सुरू होतं. गाडी नसेल तर नाहाहून ८९ नंबरची बस इतोमानपर्यंत आणि तिथून ८२ नंबरची, पण ८२ फार विरळ आहे.

'शांततेची कोनशिला' असं या जागेचं नाव. १९९५च्या २३ जूनला ती खुली झाली. समुद्रावरच्या कड्याच्या काठाशी काळ्या ग्रॅनाइटच्या बुटक्या भिंती, पडद्यासारख्या घड्या घातलेल्या, ओळींमागे ओळी. मधली वाट २३ जूनच्या सूर्योदयाच्या दिशेला धरून आखली आहे. सूर्य वर आला तेव्हा ती सगळी वाट उजळली, आणि वाटेवर आमच्या आधी येऊन बसलेली माणसं दिसली. चटया, डबे, पाण्याच्या बाटल्या, नातवंडं. यात्रेला आल्यासारखी बसली होती, फक्त आवाज कमी.

भिंतींवर नावं आहेत, २०२५ साली जोडलेली ३४२ धरून २,४२,५६७. ओकिनावाचे गावकरी, जपानी सैनिक, १४ हजारांवर अमेरिकी, ब्रिटिश, कोरियन, तैवानी. शत्रू-मित्र, लष्करी-मुलकी असा भेद नाही, हुद्दा नाही. प्रत्येकाचं नाव त्याच्या लिपीत. ओकिनावाची नावं गाववार, वाडीवार लावली आहेत, म्हणून जे शेजारी म्हणून जगले ते भिंतीवरही शेजारीच आहेत, आणि त्यांची आजची घरंही भिंतीपुढे शेजारी-शेजारी चटया टाकून बसली होती.

आप्पांना मी हे समजावलं तेव्हा ते थांबले. आमच्याकडे सातारा भागात, कोकणातही, काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत, असं त्यांवर कोरलेलं. आकडा असतो, नाव नसतं. आप्पा अशी पाटी लहानपणापासून बघत आलेत.

इतोमानच्या एका वाडीच्या भिंतीपुढे ८८ वर्षांच्या एक ओबा, म्हणजे इथल्या बोलीत आजी, नातीबरोबर बसल्या होत्या. ओल्या फडक्याने दगड पुसत होत्या, नाव-नाव करून, मुलाचं तोंड पुसावं तसं. मग डब्याची झाकणं काढली: साखरेचे तळलेले गोळे, उकडलेलं जांभळं रताळं, टोफू. दगडावर हळूच जास्मिनचा चहा ओतला. नमस्कार करून आम्ही पुढे जाणार तोच त्यांनी आप्पांची टोपी बघून विचारलं, कुठून आलात?

त्यांचा मोठा भाऊ १६ वर्षांचा, शाळेतून 'रक्त-पोलाद' नावाच्या विद्यार्थी पलटणीत नेलेला. निरोप पोचवायचं काम. जूनमध्ये कुठेतरी गेला. कुठे ते कळलं नाही, हाडही मिळालं नाही. आई गुहेतच वारली. त्या स्वतः आठ वर्षांच्या होत्या. भावाच्या नावाच्या दोन ओळी खाली त्यांनी बोट टेकवलं. तिथे नाव नव्हतं. अमक्याची तिसरी मुलगी, इतकंच कोरलेलं. फेब्रुवारीत जन्मली, नोंद व्हायच्या आधीच तोफा सुरू झाल्या. अशी 'अमक्याचा मुलगा', 'अमकीचं बाळ' मग मला भिंतीभर दिसायला लागली.

"घरात काहीतरी हाक मारत असू," ओबा म्हणाल्या. "मला आठवत नाही. तेवढं एक आठवायला हवं होतं."

नात त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळाने ओबांनी आप्पांना विचारलं, "तुमचंही कुणी आहे का इथे?"

"इथे नाही," आप्पा म्हणाले. "इटलीत. चुलते. लग्न नव्हतं झालेलं त्यांचं."

माझं जपानी त्या क्षणी अडखळलं, पण 'लग्न नव्हतं झालेलं' एवढं त्यांना पोचलं. त्यांचा भाऊही तसाच. मागे मूलबाळ नाही, म्हणून त्याच्यासाठी बहीणच येत राहिली. त्यांनी पिशवीतून उदबत्तीची एक वडी काढली. इथली उदबत्ती चपटी, काळी, सहा काड्या एकमेकींना जोडून थापल्यासारखी असते आणि तिला जवळजवळ वास नसतो. ओबांनी ती मधोमध मोडली, अर्धी भावापुढे लावली, अर्धी आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती त्याच वाळूच्या डब्यात, शेजारी लावली. मग तिघंही बसले आणि आप्पांना रताळं मिळालं. आप्पांनी दशमी काढून दिली. ओबांनी तिचा तुकडा आधी दगडापुढे ठेवला, उरलेला स्वतः खाल्ला.

उत्तरेकडच्या होक्काइदोच्या भिंतीशीही मी जाऊन आले. जपानच्या बाकी प्रांतांत सर्वांत जास्त माणसं तिथली गेली, दहा हजारांवर. एक म्हातारे गृहस्थ गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून विमानाने घेऊन आले होते आणि काकांच्या नावावर थेंब-थेंब सोडत होते. "इथे पाण्यावाचून मेले ना," एवढंच म्हणाले. कड्यावरचे अमेरिकी बाप-लेकही दिसले. वडिलांच्या एका सोबत्याचं नाव सापडलं होतं. मुलगी कागद धरून पेन्सिलीने त्याचा ठसा घेत होती आणि वडील कागद हलू नये म्हणून दोन्ही तळहातांनी दाबून उभे होते.

११:५०ला समारंभ सुरू झाला. बाराच्या ठोक्याला सगळीकडची माणसं जागच्या जागी उभी राहिली. एक मिनिट फक्त झाडांवरचे किडे ओरडत होते. नंतर राज्यपालांचं भाषण, पंतप्रधानांचं भाषण, आणि सहावीतल्या एका मुलाने आजीवर लिहिलेली कविता वाचली. कविता चालू असताना चटयांवरचे बरेच म्हातारे डोळे मिटून ऐकत होते. बाकीच्या भाषणांच्या वेळी त्यांचं आवराआवरीकडे लक्ष होतं.

ऊन फार असतं. टोपी, मिठाची गोळी, माणशी दोन लिटर पाणी. मंडपात जागा लवकर भरते, पण भिंतींच्या मधली झाडं सावलीची आहेत. नाव शोधायचं असेल तर बागेत संगणक ठेवलेत, आणि मदतीला माणसंही असतात.

मंगळवार, २४ जून

विमान संध्याकाळचं. आप्पांनीच म्हटलं, एकदा परत त्या बाजूला जाऊ. माबुनीपासून थोडं पश्चिमेला कोमेसूजवळ 'कोनपाकू नो तो', म्हणजे आत्म्यांचा स्तंभ. लढाईनंतर मावाशी गावच्या लोकांना अमेरिकनांनी इथे आणून वसवलं. रानात नांगर घालायचा तर आधी हाडं उचलावी लागत होती. त्यांनी ती गोळा करून एका जागी ठेवली आणि १९४६च्या सुरुवातीला वर दगड-मातीचा गोल उंचवटा केला. सुमारे ३५,००० जणांची हाडं, एकाचंही नाव ठाऊक नसलेली. पुढे त्यांतली बहुतेक माबुनीच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत हलवली. पण आपलं माणूस कुठे पडलं हेच ज्यांना कळलं नाही ती घरं अजून इथेच येतात. स्मारकं मोठी-मोठी पुष्कळ आहेत त्या भागात. मला विचाराल तर वेळ कमी असला तर बाकी सोडा, इथे या.

कालची गर्दी ओसरली होती. उंचवट्याभोवती फुलं, कॉफीचे डबे, सिगारेटी, संत्री, उदबत्त्यांची राख. उन्हाने फुलं करपायला लागलेली. एक म्हातारबुवा एकटेच ती गोळा करून पिशव्यांत भरत होते. दरवर्षी करतात म्हणाले. आप्पांनी विचारलं नाही, भिंतीला टेकवलेला दुसरा खराटा उचलला आणि एका कडेने झाडायला लागले, खळं झाडतात तसं, मागे-मागे सरकत. मी संत्री वेगळी काढली. म्हातारबुवांनी आप्पांना एकदाच थांबवलं: राख झाडायची नाही, ती इथेच राहते.

तासभर लागला. वाटेत एका दुकानातून काळ्या साखरेची पाकिटं घेतली. खडा तोंडात टाकून आप्पा म्हणाले, "गूळच की. पण काकवी जास्त ठेवलीय." दुसऱ्या दुकानात चपट्या उदबत्तीची पाकिटं होती. त्यांनी एक घेतलं आणि विमानात चालेल का म्हणून मला दोनदा विचारलं. चालतं, सामानात टाकलं तर.

सर्वपित्री सप्टेंबरात आहे. आप्पा तोवर गावी पोचलेले असतील.